कालव्याच्या काठाने किंग हेन्रीज रोडपर्यंत

लंडनला येऊन आम्हाला तीन वर्षं होतील, पण गेल्या शनिवारपर्यंत हे शहर मला फक्त स्टेशनांपुरतं माहीत होतं. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाचं असंच होत असावं. सकाळी हॅरोला मेट्रोपॉलिटन लाइन पकडायची, किंग्ज क्रॉसला उतरायचं, जमिनीखालून थेट ऑफिसपाशी उगवायचं. ट्यूबचा, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेचा, नकाशा तोंडपाठ. पण दोन स्टेशनांच्या मध्ये काय आहे म्हणाल, तर बोगदा. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्टेशनं एकमेकांपासून जेमतेम अडीचशे मीटरवर आहेत, आणि आम्ही दोघं दीड वर्ष त्यासाठी इमानेइतबारे गाडी धरत होतो. हे कळलं तेव्हा नवरा अर्धा तास हसत होता, मला मात्र तिकिटाचे पैसे आठवत होते.

म्हणून या वेळी ठरवलं, ब्रिटिश म्युझियमपासून किंग हेन्रीज रोडपर्यंत चालत जायचं. तिथल्या १० नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’च्या प्रबंधाचे ते दिवस. म्युझियमच्या ग्रंथालयात ते दिवसच्या दिवस वाचत बसायचे, हे आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. पण ते ग्रंथालय आणि ते घर यांच्यात अंतर किती, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. नवऱ्याने फोनवर बघितलं : सरळ गेलं तर सव्वाचार किलोमीटर. आम्ही सरळ जाणार नव्हतो, कारण त्याला मध्ये कालवा बघायचा होता.

म्युझियमला बाहेरूनच नमस्कार केला. आत शिरलो असतो तर दिवस तिथेच संपला असता. किंग्ज क्रॉसच्या मागे रीजंट्स कॅनॉल लागतो. रोज मी त्याच्यापासून पाच मिनिटांवर उतरते आणि कधी बघितला नव्हता! १८२० मध्ये तो पूर्ण खुला झाला. तेव्हा मालाच्या होड्या घोडे ओढायचे. घोडा काठावरच्या वाटेने चालणार, त्याला बांधलेल्या लांब दोरीने होडी मागून पाण्यातून येणार. आज त्याच वाटेवर सायकलवाले कानाजवळ घंटी वाजवत जातात आणि आपण भिंतीला चिकटून उभं राहायचं.

कॅम्डनच्या अलीकडे काठाचा दगड एका जागी कापून पाण्यातून वर येणारा उतार केलेला दिसला. मला वाटलं धुण्याचा घाट. पण तो घोड्यांसाठी होता. शेजारून रेल्वे धडधडायला लागली, तेव्हा घोडे बुजून पाण्यात पडायचे. त्यांना चालत बाहेर येता यावं म्हणून ही सोय. कोणीतरी घोड्याचा एवढा विचार केला होता, याचं मला फार बरं वाटलं.

कॅम्डन मार्केटमध्ये वास सगळ्या जगाचे आणि भावही तसेच. आम्ही मुकाट्याने लॉकच्या, म्हणजे होड्यांना वरखाली करण्यासाठी पाणी अडवणाऱ्या दरवाजाच्या, लाकडी ओंडक्यावर बसून डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. लोणचं विसरलो होतो. त्यावरून थोडं भांडण झालं, ते इथे लिहीत नाही.

पुढे प्राणिसंग्रहालय ओलांडलं की मॅकल्सफील्ड ब्रिज येतो. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे इथे पाऊण तास गेला. पण खरं सांगते, ते बघण्यासारखंच आहे. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे बंदुकीची दारू घेऊन जाणाऱ्या होडीचा या पुलाखाली स्फोट झाला. होडीवरचे तिघे गेले, पूल कोसळला. ओतीव लोखंडाचे खांब मात्र शाबूत राहिले. नवीन पुलाला तेच लावले, फक्त फिरवून. आता त्या खांबांवर हात फिरवला की बोट बसेल अशा खाचा लागतात. घोड्यांच्या दोरीने वर्षानुवर्षं घासून लोखंडात पडलेल्या! आणि खांब फिरवल्यामुळे दोन्ही अंगांना : वाटेकडच्या बाजूला स्फोटानंतरच्या, पलीकडे स्फोटाआधीच्या. नवऱ्याच्या आजोळी वाईला विहिरीच्या काठाच्या दगडाला अशाच खाचा आहेत. “तिथे दगड होता, इथे लोखंड आहे,” असं तो चार वेळा म्हणाला.

मग प्रिमरोझ हिल. टेकडी म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं, समुद्रसपाटीपासून ६० मीटरच्या थोडी वर. माथ्यावरून सेंट पॉल्स कॅथेड्रलचा घुमट दिसतो, आणि तो दिसत राहावा म्हणून मध्ये उंच इमारत बांधायला नियमाने मनाई आहे.

आणि त्या पाऊण तासाने घात केला. किंग हेन्रीज रोडवर पोचलो तेव्हा दार बंद झालेलं. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर घेतलं, आता तिथे संग्रहालय आहे, आणि आम्ही बाहेर फुटपाथवर, इथे कोण राहत होतं ते सांगणाऱ्या निळ्या पाटीखाली उभे. मी नवऱ्याकडे बघितलं. तो पाटी वाचत होता, फारच लक्ष देऊन.

आमच्यासारखाच उशीर झालेला एक मुलगा तिथे होता. पाठीला सॅक, लीड्सहून आलेला, मास्टर्स करतोय म्हणाला. व्हिडिओ कॉलवर त्याची आई होती, नागपूरहून. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले असणार, पण ती नीट साडी नेसून बसली होती.

“अरे, पाटी झाली पाहून. वर कर ना मोबाईल, खिडकी दिसू दे.”

त्याने फोन वर केला. आम्ही फ्रेममध्ये येऊ नये म्हणून बाजूला सरलो, तर तिने बघितलंच. “जय भीम, मराठी आहात का?” मग सगळी चौकशी झाली : गाव कोणतं, इथे किती वर्षं, जेवणाचं काय करता. पुन्हा ती खिडकीकडे वळली. थोडा वेळ काहीच बोलली नाही.

“लायब्ररी किती दूर होती रे इथून?”

मुलाला माहीत नव्हतं. नवरा घसा खाकरून म्हणाला, “सव्वाचार किलोमीटर, काकू.”

“आणि तितकंच परत?”

“हो, तितकंच परत.”

ती म्हणाली, “बाळा, एकदा रस्ता दाखव मला.” मुलाने फोन हळूहळू रस्त्याकडे फिरवला.