शेवटची ओळ

"आमच्याकडूनही पैसे घेणार का गं?" दुसरी भाकरी मोडता मोडता एकीने विचारलं.

मैत्रिणीने नोकरी सोडून डबे सुरू केलेत, त्याचं हे पहिलंच जेवण. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, दाण्याची चटणी, ताक. वांगी तर अशी, की देठसुद्धा चोखून खावेत!

ती चिडली नाही. फ्रिजवरचा कागद तेवढा दाखवला. वांगी, कूट, तेल, गॅस, डबे पोचवणाऱ्याचे पैसे. वर एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीचा १४ आकडी नंबर. शेवटची ओळ मात्र कोरी: 'माझे तास'.

"इथे काय लिहू? तुम्हीच सांगा."

कुणालाच आकडा सुचेना. आम्ही सगळ्या कमावत्या बायका, हॉटेलचं बिल मुकाट भरणाऱ्या. पण घरी रांधलेलं म्हटलं की मेहनत फुकट धरायची!

१९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केले. तिथे लाटणारीला किलोमागे मजुरी मिळते. मग पहाटे उठून भाकऱ्या थापणारीने का सोडायची?

वांगी संपली, वाद अजून ग्रुपवर चालू आहे. तुमच्याकडे डबा येत असेल, तर भाव करताना ती ओळ धरता का?