थापीवरचं सिमेंट

ही केस होऊन बरेच महिने झाले, पण डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

मी नाशकात जुने फोटो, कागद आणि छोट्या वस्तू जतन करायचं काम करते. जास्त करून घरगुती अल्बम येतात, लग्नाचे, आजोबांचे. पण संस्थांचं कामही येतं, आणि त्यात एक प्रकार ठरलेला असतो तो म्हणजे उद्घाटन आणि पायाभरणीचा ऐवज. संस्थेला पन्नास किंवा साठ वर्षं होणार असतात, स्मरणिका काढायची असते, मग कुणाला तरी आठवतं की स्टोअररूममध्ये एक ट्रंक आहे. ती ट्रंक समारंभाच्या अगदी तोंडावर माझ्याकडे येते. दरवेळी. हीच ट्रंक वर्षभर आधी आली तर निम्मं नुकसान टळेल हे मी सगळ्यांना सांगून थकले.

तर जिल्ह्यातली एक जुनी सहकारी संस्था, नाव घेत नाही. त्यांचे सचिव आणि सोबत निवृत्त हेडक्लार्क, ज्यांना तिथे सगळे नाना म्हणतात, असे दोघं ट्रंक घेऊन आले. आत काय काय होतं बघा: काळ्या पानांचा अल्बम, काचेत बसवलेले चार मोठे फोटो, एका बिस्किटाच्या डब्यात निगेटिव्ह, रेशमी कापडावर छापलेलं मानपत्र, फितीचा तुकडा, फीत कापायची कात्री, मखमलीच्या डबीत कुलूपकिल्ली, निमंत्रणाचं पाकीट, आणि फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली चांदीची थापी. पायाभरणीला पाहुण्यांच्या हातात देतात ना, ती. पातं चांदीचं, मूठ शिसवी लाकडाची, पात्यावर कोरीव अक्षरांत पाहुणे, अध्यक्ष आणि ठेकेदार यांची नावं. आणि सगळ्यावर डांबर गोळ्यांचा सडा.

बाहेरच्या लोकांना वाटतं की आम्ही लगेच ब्रश घेऊन पुसायला बसतो. तसं नाही. पहिला दिवस फक्त वास घेण्यात आणि जे जसं आहे तसे त्याचे फोटो काढण्यात जातो. वास हे चेष्टेत नाही म्हणत मी. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की समजायचं अ‍ॅसिटेटची, म्हणजे एका प्रकारच्या जुन्या प्लास्टिकची, फिल्म आतून कुजायला लागली, आणि तो वायू डब्यात कोंडून राहिला की शेजारच्या चांगल्या फिल्मलाही धरतो. इथे वास येत होता पण हलका. म्हणजे वेळ होता. ती सगळी निगेटिव्ह त्याच दिवशी सुटी करून कागदी पाकिटांत घातली आणि स्कॅनिंगला सगळ्यात पुढचा नंबर त्यांचा लावला.

काचेतल्या फोटोंची गोष्ट वेगळी. फ्रेमवाले मधे माउंट न घालता फोटो सरळ काचेला टेकवतात, आणि नाशिकचा पावसाळा म्हणजे जुलै ऑगस्टमध्ये भिंतीसुद्धा दमट, मग फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला चिकटतो, उन्हाळ्यात वाळतो, पुन्हा पावसाळा. अशी वर्षानुवर्षं गेली की फोटो आणि काच एकच होतात. सचिव म्हणाले, "मॅडम, सुरीने अलगद सोडवता येईल की." नाही येणार. सोडवायला गेलं की पाहुण्यांचा चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो, मी असे फोटो पाहिलेत, घरच्याच माणसांनी प्रेमाने सोडवलेले. कधीकधी पाण्यात भिजवून सुटतात, पण इथे मागच्या बाजूला शाईच्या पेनाने लिहिलेलं होतं, पाण्यात घातलं असतं तर ते धुऊन गेलं असतं. म्हणून काचेसकट स्कॅन केले, जास्त रिझोल्यूशनवर, मागची बाजू वेगळी टिपली, आणि मूळ फोटो काचेला तसेच ठेवून नव्या डब्यात आडवे ठेवले. सचिवांना हे काम अर्धवट वाटलं. माझ्या मते काही न करता थांबणं हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

अजून एक. ट्रंकेत रौप्यमहोत्सवाचाही अल्बम होता, ऐंशीच्या दशकातला, रंगीत, तो प्लास्टिकचा पडदा उचलून चिकट पानावर फोटो लावायचा प्रकार. त्याला मॅग्नेटिक अल्बम म्हणायचे. साठच्या दशकातले काळेपांढरे फोटो काळ्या पानांवर कोपरे लावून बसवलेले, ते जवळजवळ जसेच्या तसे. आणि वीसेक वर्षांनी नवे असलेले रंगीत फोटो पूर्ण लालसर, कारण त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग अंधारात ठेवला तरी उडतो आणि लाल मागे राहतो. त्यात खालचा गोंद पिवळा पडून फोटोत उतरलेला. ते मी दात साफ करायच्या धाग्याने, फोटो आणि पान यांच्यामधून धागा सरकवत सरकवत काढले. घरात असे अल्बम असतील तर ओढून काढू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका, उष्णतेने बसवलेलं लॅमिनेशन परत निघत नाही. दर महिन्याला एक तरी लॅमिनेट केलेला आजोबांचा फोटो येतो आणि मला नाही म्हणावं लागतं.

पायाभरणीची तारीख कशी काढली ते सांगते कारण त्याचा मला अभिमान आहे. कोनशिला नंतरच्या दुरुस्तीत गिलाव्याखाली गेलेली, निमंत्रणपत्रिकेवर तिथी आणि वारच होते, साल फाटलेल्या कोपऱ्यात गेलेलं. सचिवांचं म्हणणं १९६७, कारण तसं ऐकीव होतं. पाकिटावरचं पोस्टाचं तिकीट भिंगाखाली घेतलं तर त्यावर किंमत 'नये पैसे'त. आपल्याकडे दशमान नाणी १९५७ ला आली आणि १९६४ ला पैशाच्या मागचं 'नया' गेलं. म्हणजे तिकीट १९६७ चं नव्हतं, तो काळ बराच मागे गेला. मग पंचांग काढून तिथी आणि वार जुळवले आणि एकच साल उरलं. तिकीट छापलेलं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, आपल्याच गावात, याचं मला उगाच बरं वाटलं. आणि यातून आणखी एक गोष्ट सुटली. त्या काळातल्या प्रत्येक संस्थेला वाटतं की आपल्या फोटोतले टोपीवाले पाहुणे म्हणजे यशवंतराव चव्हाणच. ते १९६३ ला नाशिकमधून बिनविरोध खासदार झाले होते त्यामुळे आमच्या जिल्ह्यात हा समज फार घट्ट आहे. इथे ते नव्हते. थापीवरचं नाव वेगळं होतं आणि तारीख जुळल्यावर वाद मिटला, पण सचिवांचा चेहरा पडला तो पडलाच.

आता थापी.

चांदी काळी पडलेली होती, ते साहजिक आहे. हवेतला गंधक चांदीला काळं करतो, आणि लोकर, फ्लॅनेल, काही मखमली यांतूनही गंधकाचा वायू निघतो, म्हणजे जपून गुंडाळलेली वस्तू त्या गुंडाळण्यानेच काळी होते. ते मी बारीक खडूची पूड आणि डिस्टिल्ड वॉटर घेऊन कापसाच्या बोळ्याने हळूहळू काढलं. पण पात्याच्या टोकाला, उजव्या कडेला, करड्या रंगाचं काहीतरी घट्ट बसलेलं होतं. भिंगाखाली बघितलं तर वाळूचे कण दिसत होते. सिमेंट. त्या दिवशीचा माल.

हे फार क्वचित मिळतं. बहुतेक चांदीच्या थाप्या नुसत्या दाखवायच्या असतात, मालाला टेकवतात, लगेच कुणीतरी रुमालाने पुसून डबीत ठेवतं. ही पुसली नव्हती. मी निगेटिव्ह लाईट टेबलवर ठेवून बघायला लागले आणि एका फ्रेममध्ये सगळं होतं. पाहुणे वाकलेत, हातात थापी, सगळे टोप्या घालून हसताहेत, आणि अगदी खाली, अल्बममधल्या प्रिंटमध्ये कापून टाकलेल्या भागात, एक गवंडी उकिडवा बसलाय. त्याच्या एका हातात लोखंडी थापी, आणि दुसऱ्या हाताने तो पाहुण्यांचं मनगट धरून माल नीट बसवायला लावतोय. त्याशिवाय चांदीच्या थापीवर एवढा माल येणारच नाही. काचेतल्या एका फोटोच्या मागे शाईने सात आठ नावं आणि शेवटी पेन्सिलीने गवंड्याचं पहिलं नाव लिहिलेलं, आडनाव नाही. नानांना दाखवलं तर ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हो, हाच. पुढे कालव्याच्या कामावर गेला हा. आम्ही पोरं त्याच्याकडे पाणी घेऊन जायचो."

मी चेअरमन साहेबांना भेटून सांगितलं की बाकी थापी चमकते आहेच, एवढं सिमेंट तसंच ठेवा, शेजारी हा न कापलेला फोटो लावा. ते म्हणाले, "छान कल्पना आहे ताई." थापी मी तटस्थ, म्हणजे आम्ल नसलेल्या, सुती कापडात, बेतून कापलेल्या फोममध्ये बसवून दिली, डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, घासू नये, पुसू नये, टोकावरचं सिमेंट मूळ आहे.

समारंभाच्या सकाळी काचेच्या पेटीत वस्तू मांडायला लवकर गेले तर थापी आरशासारखी लखलखत होती. टोक साफ. ऑफिसच्या मोरीत पितांबरी आणि टूथब्रश. शिपाई मामांनी केलं होतं आणि मी त्यांना एक शब्द बोलले नाही, कारण त्यांना कुणीतरी वरून सांगितलं होतं, "ती घाण काढ, मंत्री बघणार आहेत." मामांनी रात्री उशिरापर्यंत बसून मन लावून घासलेलं, माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते. कोरीव अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या, पात्यावर गोल गोल ओरखडे. चांदी घासली की चांदीच जाते, दरवेळी थोडी.

मी चेअरमन साहेबांना विचारलं. ते चिडले नाहीत, समजावल्यासारखं बोलले. "ताई, वस्तू संस्थेची. पाहुण्यांसमोर मातकट कशी ठेवणार? त्या दिवशीसुद्धा ती चकचकीतच होती ना?"

या वाक्यावर मी अजून अडकलेय. कारण ते पूर्ण चूक नाहीत. ती थापी चमकण्यासाठीच बनवलेली होती, सराफ बाजारातल्या कुणा कारागिराने ती चमकवूनच दिली असणार, आणि वस्तू खरंच संस्थेची आहे, माझी नाही. पण चकचकीत ती सकाळी होती. माल लावल्यानंतर, फोटोतल्या त्या क्षणी, ती चकचकीत नव्हती, आणि ज्या कामासाठी ती बनवली ते काम तिने केल्याची एकमेव खूण तेवढीच होती. पात्यावरची नावं तर घरी बसूनसुद्धा कोरता येतात. सिमेंट लावायला पायाच लागतो. हे मला तेव्हा सुचलं नाही असं नाही, बोलले मी, पण समोर मांडववाले खुर्च्या मोजत होते आणि ढोलपथक आलं होतं.

न कापलेला फोटोही लागला नाही. फ्लेक्सवर बारा फोटो, बाराही पाहुण्यांचे, गवंड्याची फ्रेम पुन्हा खालूनच कापलेली आणि खाली 'पायाभरणी करताना मान्यवर'. गोदावरीवरचा व्हिक्टोरिया पूल बघा, राणीचं नाव होतं, आता अहिल्यादेवी होळकरांचं आहे, ते योग्यच आहे, पण दगड कुणी बसवले हे आज नाशकात कोण सांगू शकेल? आणि हे त्या गावात जिथे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, म्हणजे नोंद ठेवायची आपल्याला सवय नाही असं म्हणायला जागा नाही. सवय आहे, पण ती मान्यवरांची.

सिमेंटचे मी आधीच जवळून फोटो काढलेले होते, मोजपट्टी शेजारी ठेवून, तो आमचा नियम आहे. ते अहवालात आहेत. त्या अहवालाची एक प्रत संस्थेकडे, एक माझ्याकडे. मामांना नंतर तो फोटो दाखवला, निगेटिव्हमधला गवंडीही दाखवला. ते म्हणाले, "मला कुणी हे दाखवलं असतं तर मी हात नसता लावला." खरंय. चिठ्ठी डब्यावर होती, पण डबा सचिवांच्या केबिनमध्येच राहिला आणि थापी तेवढी बाहेर आली. आता मी चिठ्ठी वस्तूलाच सुती दोऱ्याने बांधते, आणि वस्तू सोपवताना साहेबांसोबत शिपाई आणि सफाईवाल्या ताईंनाही बोलवायला लावते. पहिल्यांदा सगळ्यांना विचित्र वाटतं. वाटू दे.

नाना अधूनमधून येतात. आम्ही स्कॅन मोठे करून एकेक चेहरा बघतो, ते नाव सांगतात, मी लिहून घेते, कोण कुठल्या गावचा, कोण पाटीवर होतं, मालाच्या घमेल्यांच्या रांगेत कुठल्या बायका उभ्या आहेत. बायकांची नावं त्यांना फार कमी आठवतात आणि त्याचा त्यांना त्रास होतो. नाना ऐंशीच्या पुढे आहेत. संस्थेने स्कॅन लोकांना दाखवायला लेखी परवानगी दिली आहे, त्याबद्दल मात्र त्यांचे आभार मानते.

तुमच्या घरातलं कुणी साठच्या दशकात निफाड, सिन्नर, दिंडोरी या भागात बांधकामावर किंवा कालव्याच्या कामावर असेल तर येऊन बघा, रविवारी दुपारी नाना असतात. घरी त्या काळचा फोटो असेल तर सोबत आणा. काचेला चिकटलेला असेल तर काढू नका, फ्रेमसकट आणा.