शेतावरून येणारा शिमोन

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी लिहायच्या म्हटल्यावर बहुतेक जण स्नेहसंमेलनाबद्दल नाहीतर क्रीडास्पर्धांबद्दल लिहितील. मला लिहायचं आहे ते उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या, शुक्रवारांबद्दल.

आपल्या वसईत हा काळ येतो तो नेमका मोगऱ्याच्या हंगामात. घरोघरी पहाटे कळ्या खुडायची घाई, टोपल्या पहिल्या गाडीनं दादरच्या बाजारात जाणार. आणि चर्चमध्ये वेदीवर मात्र एक फूल नाही, ‘आलेलुया’चा स्तुतिघोष नाही, सगळीकडे जांभळा रंग. महाशिवरात्रही याच सुमारास, त्यामुळे वर्गातली निम्मी मुलं कसला ना कसला उपास करून आलेली असत.

शुक्रवारी शेवटच्या तासाला क्रुसाची वाट असे, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतला एकेक प्रसंग आठवत करायची प्रार्थना. चौदा प्रसंग, म्हणून चौदा स्थानं. वर्गाचं लक्ष घराकडे लागलेलं असायचं, पण पाचव्या स्थानापाशी बाई नेहमी थांबत. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता, त्याला शिपायांनी वाटेत धरलं आणि येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. बाई म्हणायच्या, "तुमचे बाबा वाडीतून येतात तेव्हा कसे दिसतात? पायांना चिखल, पोटात भूक. तशा माणसाला वेठीस धरलंय." त्या दिवसापासून शिमोन मला आमच्या पाणंदीतूनच येताना दिसतो.

पुढे मोठेपणी मी उपवासकाळ माझ्या परीनं पाळत आलो. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले; सक्तीचा उपवास आता उपवासकाळाचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार, आणि शुभ शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, एवढाच. आमची आजी मात्र जुन्या कडक रीतीनंच राहिली. तिच्याकडे बघून मीही मासळी सोडायचो, चहा सोडायचो. ते जमायचं, कारण काय सोडायचं हे माझं मी ठरवलेलं असे.

मग बाबांना अर्धांगवायू झाला, तोही याच दिवसांत. त्यांना कुशीवर वळवणं, पाठ पुसून पावडर लावणं, रात्री दोनदा उठून चादर बदलणं. हे प्रायश्चित्त मी निवडलं नव्हतं. चिडायचो, थकायचो, आणि बाईंचा शिमोन आठवायचा. त्यानं तरी कुठे क्रूस मागून घेतला होता? पण तो येशूच्या इतक्या जवळून चालला, जितकं त्या दिवशी शिष्यांपैकीही फारसं कोणी चाललं नाही. मला प्रार्थना खऱ्या अर्थानं जमू लागली ती बाबांच्या खाटेशी. अजूनही तिथेच जमते.

संत मार्क आपल्या शुभवर्तमानात शिमोनाच्या मुलांची नावंही देतो, आलेक्सांद्र आणि रूफ. म्हणजे त्याच्या वाचकांना ती मुलं ओळखीची असावीत. बापाला जबरदस्तीनं उचलावं लागलेलं ते ओझं त्या घरात पुढे श्रद्धा होऊन राहिलं, असं मी मानतो. माझी मुलंही आजोबांना उठवताना आता हात लावतात.

शाळेतल्या आजच्या शिक्षकांना एवढीच विनंती: शुक्रवारची क्रुसाची वाट वेळापत्रकात राहू द्या, आणि पाचव्या स्थानापाशी मुलांना थोडं जास्त उभं करा.