गॅरेजमधील गॅसचा इन्फ्रारेड हीटर : ग्वाल्हेरच्या हिवाळ्यातील नोंदी

नोव्हेंबर : जागा आणि जोडणी

विजय सुपर या जुन्या स्कूटरचे इंजिन पावसाळ्यात उघडून सुटे भाग मांडून ठेवले, तेव्हाच हे काम थंडीत चालू ठेवायचे असेल तर गॅरेजमध्ये उबेची काही पद्धतशीर सोय लावावी लागेल हे उघड होते. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील जुन्या घरांच्या भिंती वालुकाश्माच्या आणि हातभर जाडीच्या असतात. उन्हाळ्यात त्या सुखावह ठरतात. परंतु धुक्यामुळे दिवसभर ऊन पडत नाही आणि रात्रीचे तापमान ५ अंशांच्या खाली उतरते, तेव्हा त्याच भिंती गारठा धरून ठेवतात आणि हातात पाना धरवत नाही. आमची खोली ५ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि ३ मीटर उंच, म्हणजे सुमारे ५२ घनमीटरची आहे. एवढी हवा आणि एवढा दगड तापवत बसणे परवडणारे नाही, म्हणून हवेच्या भानगडीत न पडता समोरच्या माणसाला आणि वस्तूला थेट ऊब देणारा इन्फ्रारेड हीटर निवडला.

हीटर भिंतीवर बसवायचा, तीन सिरॅमिक प्लेटांचा आणि ४.२ किलोवॉट क्षमतेचा आहे. प्लेटेला शेकडो बारीक छिद्रे असतात. गॅस आणि हवा यांचे मिश्रण मागून येते आणि छिद्रांच्या तोंडाशी, पृष्ठभागालगत जळते, त्यामुळे प्लेट साधारण ९०० अंशांपर्यंत तापून नारिंगी दिसू लागते. तिच्यापासून निघणारे किरण कोवळ्या उन्हाप्रमाणे ज्यावर पडतात त्यालाच तापवतात. या एका गोष्टीवर पुढील सर्व निर्णय अवलंबून आहेत, हे समव्यसनी मित्रांनी लक्षात ठेवावे.

सिलिंडर खोलीच्या आत ठेवायचा नाही हे पहिल्यापासून निश्चित होते. स्वयंपाकासाठी मिळणारे १४.२ किलोचे लाल सिलिंडर गॅरेजकडे वळवणे नियमात बसत नाही, म्हणून १९ किलोचे निळे व्यावसायिक सिलिंडर घेतले आणि ते मागच्या चौकात, खालून-वरून हवा खेळेल अशा जाळीच्या कपाटात उभे ठेवले. ही जागा शटरपासून दूर आहे आणि जवळपास मोरी किंवा तळघराचे तोंड नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने गळती झालीच तर वायू जमिनीलगत सरपटत सखल जागी साचतो. सिलिंडर हवा आत येण्याच्या वाटेशेजारी ठेवले तर ते बाहेर ठेवल्याचा उपयोग उरत नाही.

भिंतीतून रबरी नळी न्यायची नसते. गॅस फिटरने भिंतीत धातूची मोठी नळी बसवून तिच्या आतून तांब्याची नळी आणली आणि बाहेरच्या बाजूला तिच्यात व रेग्युलेटरमध्ये नारिंगी सुरक्षा नळीचा दीड मीटरपेक्षा कमी लांबीचा तुकडा जोडला. नळीवर छापलेल्या वर्षापासून पाच वर्षांत ती बदलावी लागते. आमच्याकडचे मे-जूनचे ऊन पाहता मी तिच्यावर पत्र्याची सावलीही केली आहे. रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाचा, म्हणजे साधा कमी दाबाचाच हवा. हलवायाच्या भट्टीवर असतो तसा उच्च दाबाचा रेग्युलेटर लावून ‘जास्त ऊब’ मिळवण्याचा सल्ला मला एका परिचिताने दिला होता. त्या सल्ल्याप्रमाणे वागल्यास ज्योत प्लेटेपासून सुटून पुढे नाचू लागते आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते.

जोडणीनंतर फिटरने यू आकाराची पारदर्शक पाण्याची नळी लावून दाब पाहिला. दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण ३० सेंटिमीटरचा फरक आला. मग सिलिंडरचा गॅस बंद केल्यावरही तो फरक काही मिनिटे जसाच्या तसा टिकला, म्हणजे सांधे घट्ट आहेत. त्यावर साबणाचे पाणी फिरवून प्रत्येक सांधा पुन्हा पाहिला. काडी ओढून गळती शोधण्याची पद्धत अजूनही कोणी वापरत असेल तर त्याच्या घरच्यांनी ती बंद करावी.

हीटरच्या समोर एक मीटरपर्यंत काहीही ठेवायचे नाही, यासाठी फरशीवर पिवळी रेघ आखली आहे. सीटचे रेक्झिन व फोम, मागच्या दिव्याची प्लास्टिकची काच, टायर आणि स्प्रेचे डबे या रेषेपलीकडेच राहतात. हीटरच्या वरची जुनी लाकडी फळी काढून टाकली.

डिसेंबर : उघडी खिडकी आणि गंज

या महिन्यातील बहुतेक वाद शटरवरून झाले. शेजारचे आप्पा रोज येऊन बसतात आणि आल्याबरोबर शटर खाली ओढतात, कारण त्यांच्या मते ऊब बाहेर जाते. कोळशाच्या शेगडीची सवय असलेल्या प्रत्येकाला असेच वाटते. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्याने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसे दगावतात, ती याच समजुतीपायी. इन्फ्रारेड हीटरच्या बाबतीत तर ही समजूत मुळातच लागू होत नाही. आपल्याला मिळणारी ऊब हवेतून येत नाही, किरणांतून येते. त्यामुळे हवा बदलत राहिली तरी हीटरसमोर बसलेल्या माणसाला फारसा फरक पडत नाही. मी आप्पांना शटर वीत-दीड वीत उघडे ठेवून त्याच खुर्चीवर बसवले आणि पाठ शेकली जाते आहे की नाही हे त्यांनाच ठरवू दिले. त्यानंतर शटरचा विषय निघाला नाही, फक्त चहाचा निघतो.

किती हवा लागते, याचा हिशेब मनोरंजक आहे. ४.२ किलोवॉटला ताशी सुमारे ३०० ग्रॅम गॅस जळतो आणि तो जळण्यासाठी जेमतेम ४ घनमीटर हवा पुरते. परंतु अमेरिकेतील राष्ट्रीय इंधन-वायू संहिता धुराडे नसलेल्या इन्फ्रारेड हीटरसाठी ताशी दर हजार बीटीयू (उष्णतेचे एकक) क्षमतेमागे मिनिटाला ४ घनफूट हवा बदलावी असे सांगते. माझ्या हीटरला तो नियम लावला तर ताशी सुमारे ९७ घनमीटर, म्हणजे खोलीतील सर्व हवा तासाला जवळजवळ दोनदा बदलली पाहिजे. ज्वलनाच्या गरजेच्या २४ पट हवा मागण्याचे कारण असे, की जळून तयार झालेले वायू खोलीतच सुटतात आणि ते विरळ करावे लागतात. म्हणून खाली शटरची फट आणि समोरच्या भिंतीत छताजवळचा झरोका, अशा दोन वाटा कायम उघड्या ठेवल्या. खालून थंड हवा येते, वरून तापलेली जाते. दोन्ही वाटा एकाच उंचीवर असत्या तर हा प्रवाह मंद झाला असता.

आता गंजाविषयी, कारण जुन्या वाहनांच्या मंडळींना कार्बन मोनॉक्साइडपेक्षा गंजाची भीती अधिक वाटते असा माझा अनुभव आहे. एक किलो एलपीजी जळल्यावर सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, म्हणजे माझा हीटर तासाला जवळजवळ अर्धा लिटर पाणी खोलीत सोडतो. खोलीतील हवा १५ अंशांवर आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते तो, साधारण साडेआठ अंश येतो; रात्रभर गार पडलेली स्कूटरची चासी आणि सिलिंडर हेड त्याहून थंड असतात, त्यामुळे हवा उबदार वाटत असतानाच त्यांच्यावर बारीक थेंब धरतात. घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर असे एकदा झाले तरी दुसऱ्या दिवशी तांबूस छटा दिसते. यावर उपाय दोन आहेत. हवा खेळती ठेवली की वाफ बाहेर जाते, आणि उघडे लोखंडी भाग तेलाचे बोट फिरवून झाकून ठेवले की उरलेल्या ओलाव्याचा त्यांना त्रास होत नाही. क्रँक आणि बेअरिंग मी तर मेणकागदात गुंडाळून घरातल्या कपाटातच ठेवतो. घरात त्यावर मतभेद आहेत.

हीटरच्या पायलट ज्योतीला, म्हणजे मुख्य प्लेटा पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीला, ऑक्सिजन कमी झाल्यास गॅस तोडणारी सोय आहे. हवेत एरवी २०.९ टक्के ऑक्सिजन असतो; तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की पायलट ज्योत थर्मोकपलपासून, म्हणजे तापल्यावर किंचित वीज निर्माण करणाऱ्या कांडीपासून, दूर सरकते, थर्मोकपल थंड पडतो, त्याची काही मिलिव्होल्टची वीज कमी होते आणि विद्युतचुंबकाने धरून ठेवलेली झडप मिटते. रचना साधी आणि भरवशाची आहे, मात्र ती कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. प्लेटेला तडा गेला असेल किंवा हवेची वाट धुळीने बुजली असेल तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही विषारी वायू तयार होऊ शकतो. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा इशारादर्शक बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, हीटरपासून थोड्या अंतरावर लावला आहे. हा वायू हवेइतक्याच वजनाचा असतो, त्यामुळे तो फक्त छताशी किंवा फक्त जमिनीशी शोधून चालत नाही. एलपीजीचा दर्शक मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवरच हवा. युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेला कार्बन मोनॉक्साइडचा दर्शक दशलक्षात ५० भाग एवढ्या प्रमाणाला तास-दीड तासात आणि ३०० भागांना तीन मिनिटांत वाजतो. त्यावरचे चाचणीचे बटण भोंगा आणि विजेचा मार्ग तपासते, आतील संवेदक जिवंत आहे की नाही हे सांगत नाही; त्यासाठी मागे छापलेली मुदत पाहावी. थिनरच्या वाफेनेही हे दर्शक कधी कधी वाजतात. तरीही दर्शक वाजला की आधी बाहेर पडावे आणि कारणाचा विचार चौकात उभे राहून करावा. डोके जड होणे, मळमळणे, चक्कर येणे ही लक्षणे एकाच वेळी दोघांना जाणवली तर थंडी बाधली असे समजू नये.

जानेवारी : पेट्रोल, थिनर आणि हीटर

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे ग्वाल्हेरची कोणतीही थंडी तिला पुरेशी नाही. तीही हवेपेक्षा जड असते आणि जमिनीवर पसरते. अमेरिकेत गॅरेजमधील ज्योत किंवा ठिणगी जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर वर असावी असा नियम त्यामुळेच आहे. माझा हीटर पुस्तिकेतील मर्यादेत राहून सव्वा मीटरवर बसवला आहे. परंतु या उंचीवर विसंबून मी टाकी आत उघडत नाही. टाकी, कार्ब्युरेटर आणि पेट्रोलचा कॉक ही कामे चौकात, हीटर बंद असताना होतात आणि रिकामी टाकीसुद्धा झाकण लावून बाहेरच राहते, कारण भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक धोक्याची असते.

रंगकामाविषयी दोघांनी विचारले, की इन्फ्रारेडने रंग लवकर वाळतो तर हीटरसमोर का वाळवू नये. कारखान्यांत इन्फ्रारेडने रंग वाळवतात हे खरे आहे, पण तेथे वाफा ओढून घेणारी यंत्रणा असते. आपल्याकडे थिनरमधील ॲसिटोन आणि टोल्युइन थेट तापलेल्या प्लेटेकडे जातील. त्यामुळे रंग लावण्याचे काम मी फेब्रुवारीच्या उन्हासाठी राखून ठेवले आहे. ब्रेक स्वच्छ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावके असतात; त्यांची वाफ ज्योतीत गेली की हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन यांसारखे वायू तयार होऊ शकतात. हा धोका फारसा कोणी सांगत नाही, म्हणून डब्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय तो फवारा हीटर असलेल्या खोलीत आणूच नये.

कडाक्याच्या सकाळी सिलिंडर संपत आले की ज्योत मंद होते. एलपीजीमधील ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो; वापर होत जातो तसा प्रोपेन आधी निघून जातो आणि शेवटी ब्यूटेनचा वाटा वाढतो, त्यात सिलिंडर स्वतःही थंड होत जाते. सिलिंडरवर गरम पाणी ओतणे किंवा त्याच्याजवळ शेगडी ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही. ऊन वर येण्याची वाट पाहावी किंवा सिलिंडर बदलावे.

फेब्रुवारी : साफसफाई

आमच्याकडे धूळ भरपूर, आणि दगडी छताची बारीक वाळूही सतत झडते. हीटर पूर्ण थंड असताना, सिलिंडर बंद करून, मऊ ब्रशने प्लेटा झाडल्या आणि हवेचा हलका झोत समोरून दिला. ओले फडके प्लेटेला लावायचे नसते. तापलेल्या प्लेटेवर पाण्याचा थेंबही पडला तर तडा जाऊ शकतो. हवा जेथून ओढली जाते त्या नरसाळ्यात कोळ्याचे जाळे सापडले. एवढ्याशा जाळ्याने हवा कमी पडते आणि ज्योतीची टोके पिवळी होतात. जेट, म्हणजे गॅस सोडणारे बारीक छिद्राचे तोंड, तारेने टोचू नये, छिद्र मोठे झाले की मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. बुजलेला जेट बदलावा.

पेटल्यावर मिनिटभरात तिन्ही प्लेटा सारख्या रंगाने उजळल्या पाहिजेत. एखादा डाग काळा राहिला तर तेथील छिद्रे बुजली आहेत. मागून ‘धप्’ असा आवाज येऊन प्लेट विझली आणि घोंगावणे सुरू झाले तर ज्योत आत शिरली आहे. लगेच गॅस बंद करून थंड होऊ द्यावे आणि तडा शोधावा. हीटर पहिल्या प्रयत्नात पेटला नाही तर पाच मिनिटे थांबून मगच पुन्हा पेटवावा.

नॉब सोडला की पायलट विझत असेल तर बहुधा थर्मोकपलवर काजळी असते किंवा तो निकामी झालेला असतो. अशा वेळी नॉब तारेने बांधून ठेवणारे कारागीर मी पाहिले आहेत. हीटरमधील सर्वांत महत्त्वाची सुरक्षितता त्या एका तारेने रद्द होते. अशा कारागिराला गॅसच्या कामाला हात लावू देऊ नये. गळतीचा वास आला तर १९०६ हा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो, तो मी शटरच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवला आहे.

आमच्या भागात नळाने येणारा नैसर्गिक वायू मिळाला तर हीटर त्यावर चालवता येईल का, असा प्रश्न आला होता. एलपीजीच्या जेटवर तो नीट चालणार नाही. नैसर्गिक वायूसाठी मोठ्या छिद्राचे जेट, वेगळा पायलट आणि वेगळा दाब लागतो, आणि हे बदल निर्मात्याने त्या मॉडेलसाठी मान्य केले असतील तरच करावेत.

होळीनंतर सिलिंडर काढून व्हॉल्व्हवर टोपी लावायची, तांब्याच्या नळीचे तोंड बंद करायचे आणि हीटरवर कापडी खोळ चढवायची आहे. सुरक्षा नळीची मुदत पुढील वर्षी संपते, त्यामुळे नवी नळी आणि पायलटचा पूर्ण संच ऑक्टोबरमध्येच मागवणार आहे. इंजिनची जुळणी तोपर्यंत बहुधा पूर्ण झालेली असेल. गिअरच्या केबल मात्र अजून मिळालेल्या नाहीत.