मॉरिशस: किनारा सोडून दोन दिवस

मॉरिशसला जाणारी आपली बहुतेक मंडळी विमानतळावरून थेट रिसॉर्ट गाठतात. समुद्र सुंदर आहेच, पण दोन दिवस तरी बेटाच्या आत फिरा. 1961 साली अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाच्या भवितव्याबद्दल फार निराशेने लिहिलं होतं. एकच पीक, वाढती लोकसंख्या आणि त्यात चक्रीवादळं. 1968 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा होता. तिथून हा देश कसा वर आला, हे फिरताना डोळ्यांना दिसतं.

सुरुवात राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटापासून करा. 1834 पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले मजूर इथे उतरले. मुंबई बंदरातून गेलेले, कोकणातले आपले लोकही त्यांत होते. रविवारी जाऊ नका, शहर बंद असतं. मग पाम्प्लेमूसजवळ बो प्लाँ इथल्या जुन्या कारखान्यातलं साखर संग्रहालय बघा. त्याला अर्धा दिवस द्या. शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात, त्यातली काळपट, ओलसर साखर तोंडात टाकली की थेट काकवीची चव येते. वाटेत उसाच्या फडांमध्ये काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी दिसतील. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचलेले दगड आहेत ते. गाडी थांबवून एकदा जवळून बघाच.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. 1975 च्या करारामुळे युरोप बाजारभावापेक्षा बहुधा चढ्या, ठरलेल्या दराने साखर घेत होता. असा दर इतर देशांनाही मिळाला. मॉरिशसमध्ये मात्र ऊसमळेवाल्यांनी त्या नफ्यातला पैसा कापड गिरण्यांत आणि हॉटेलांत घातला. निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा 1970 लाच झाला होता. सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केलं. पुढे श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवर ठरवलेले कोटे गेले, साखरेचा दरही गेला, तोवर राजधानीजवळच्या एबेनमध्ये बँका आणि आयटीची कार्यालयं उभी राहिली होती. भारताशी असलेल्या करकराराचाही त्यात मोठा हात. मॉरिशसमार्गे भारतात गुंतवणूक केली की कर वाचायचा, पण 2016 च्या दुरुस्तीने ती सवलत आटली.

आग्नेय किनाऱ्यावरच्या ब्ल्यू बेला जाल तेव्हा 2020 ची तेलगळती आठवा. एक जहाज प्रवाळावर चढलं आणि त्या भागातली मासेमारी ठप्प. किनाऱ्यावर परदेशी गिऱ्हाइकांसाठी बंगले वाढताहेत, तेही मला खटकलं. जमीन मोजकीच आहे, 2,040 चौरस किलोमीटरचा देश.

पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रोने जा, टॅक्सी महाग पडते. यूपीआय काही ठिकाणी चालतं, तरी बाजारात रोख मॉरिशियन रुपये लागतातच. ढोलपुरी, म्हणजे डाळ भरलेली पातळ पोळी, दोन-दोनच्या जोडीने मिळते, ती उभ्यानेच खायची. शाकाहारी असाल तर पोटभर होते. आणि जमलंच तर गणेश चतुर्थीला जा. तिथे या सणाची सरकारी सुट्टी असते, मराठी घरांमध्ये गणपती बसतात.