चांगलं आहे अजून

परवा दुपारी हेल्मेट खुंटीवरून पडलं. वारा नव्हता, कुणाचा धक्का नव्हता. पट्टा बहुधा मीच नीट अडकवला नव्हता. फरशीवर टक्‌ असा कोरडा आवाज झाला, ते दोनदा डोललं आणि उताण्या कासवासारखं पडून राहिलं. मी पुस्तक बाजूला ठेवलं. हे पडणं धरायचं की नाही?

धरायचं तर नवीन घ्यायला हवं. सायकलच्या हेल्मेटच्या आत असतं ते थर्माकोलच, जरा घट्ट जातीचं. डोकं आपटलं की त्यातले दाणे चेपतात आणि चेपता चेपता धक्का खातात. एकदा चेपले की पुन्हा फुगत नाहीत. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद, मग वरून ते कितीही ठणठणीत दिसो. पण तेव्हा आत डोकं असतं. रिकाम्या हेल्मेटचं वजन ते केवढं, पाव किलोच्या आसपास. ते खुंटीवरून पडलं तर थर्माकोलला सहसा काही होत नाही. हे मला माहीत आहे. तरी मी ते खिडकीपाशी नेलं, अंगठ्यानं जागोजागी दाबलं, कवच आणि थर्माकोल यांच्या फटीत नख घालून पाहिलं आणि शेवटी कानाशी धरून हलवलंसुद्धा. कानाशी धरून काय ऐकू येणार होतं, देव जाणे.

डोक्याचं बरं असतं. त्याला टेंगूळ येतं.

लहानपणी मोठ्या सायकलवर हाफ पेडल मारायचो, तेव्हा पडल्यावर काय करायचं याचा क्रम ठरलेला होता. आधी कुणी पाहिलं का ते बघायचं. मग सायकल: हँडल वाकडं झालंय का, चेन उतरलीय का, मडगार्ड चाकाला घासतंय का. मग गुडघा, तोही रक्त मोज्यापर्यंत आलं असेल तरच. डोकं या यादीत नव्हतंच. ते खातं आईकडे. संध्याकाळी मी समोर बसलो की ती काही न बोलता मानेपासून कपाळापर्यंत केसांतून बोटं फिरवायची आणि एका जागी बोट थांबायचं. ‘हे काय?’ मग खोटं बोलण्यात अर्थ नसायचा. टेंगूळ चुगली करून मोकळं झालेलं असायचं. हेल्मेट चुगली करत नाही, ही त्याची मोठीच अडचण आहे. मुका मार लागतो आणि ते मुकंच राहतं.

खिडकीपाशी धरल्यामुळे आतलं लेबल दिसलं. घामानं पुसट झालेलं. महिना गेला होता, साल तेवढं वाचता आलं. 2013.

हिला वाचून दाखवलं. ‘बदल ना मग,’ ती म्हणाली आणि तिच्या दृष्टीनं विषय संपला.

माझा संपला नाही. हेल्मेट किती वर्षांनी बदलावं, या प्रश्नाला विचाराल तितकी उत्तरं मिळतात. बनवणारे बरेच जण तीन ते पाच वर्षं म्हणतात, ते म्हणणारच. अमेरिकेतला ग्राहक सुरक्षा आयोग पाच ते दहा म्हणतो. आणि जुनी, वापरलेली हेल्मेटं गोळा करून, त्यात काही तर 26 वर्षांची, त्यांचं थर्माकोल तपासलं गेलं, तर नुसत्या वयानं ते फारसं बिघडलेलं नव्हतं! हे वाचल्यावर मी पाय पसरून बसलो. माझं तर त्याच्या निम्म्याही वयाचं नसेल, किंवा फार तर निम्म्याच्या थोडं पुढे.

पण स्नेल फाउंडेशनही पाच म्हणतं, आणि ते म्हटलं की मी पाय जवळ घेतो. पीट स्नेल हा मोटारींच्या शर्यतीत भाग घेणारा माणूस. 1956 मध्ये शर्यतीतच गेला. डोक्यावर हेल्मेट होतं, त्या काळी मिळायचं तसं; ते कामाला आलं नाही. पुढच्या वर्षी त्याच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी मिळून ही संस्था काढली आणि हेल्मेटं आपटून बघायला सुरुवात केली. अशा लोकांशी वर्षांवरून घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

शिवाय थर्माकोल टिकलं तरी बाकीचं टिकत नाही. पट्टे विरतात, मागची चकती फिरवली की घट्ट होण्याऐवजी नुसती करकरते, प्लॅस्टिक उन्हानं कडक होतं. आणि थर्माकोलला रसायनं सोसत नाहीत. शाळेत असताना मी थर्माकोलचं घर करायला घेतलं होतं आणि छप्पर पक्कं बसावं म्हणून घरातला सगळ्यात जालीम गोंद लावला. छप्पर बसलं नाही. डोळ्यांदेखत त्याला खड्डा पडला, खड्ड्याचं भोक झालं आणि भोकातून माझं बोट पलीकडे गेलं. त्या मानानं हेल्मेटवर मी फक्त एक स्टिकर चिकटवलाय. पण त्याखाली काय चाललं असेल?

खरं दुखणं वेगळंच आहे. या हेल्मेटनं आजवर एकही काम केलेलं नाही. मी त्याच्यासकट कधी पडलोच नाही. जे झिजलं नाही, फुटलं नाही, ज्याला एकदाही संधी मिळाली नाही, ते टाकायचं कसं? आमच्या बाबांकडे एक पत्र्याचा डबा होता. त्यात सायकलचे छर्रे, कॉटर पिना, घंटेची टोपी, पट्ट्यांची बकलं, बिनपट्ट्याचं घड्याळ. काही टाकायला निघालं की ते हातातून घ्यायचे, उजेडात धरायचे, ‘चांगलं आहे अजून’ म्हणायचे आणि डब्यात टाकायचे. त्या डब्यातून काही बाहेर आलेलं मी कधी पाहिलं नाही.

नवीन हेल्मेट आलं. जुन्याचं काय करावं? खालच्या मजल्यावरचा मुलगा सायकल शिकतोय. ते पुसून काढलं, स्टिकर खरवडला, खाली गेलो, बेल वाजवायला हात वर केला आणि काय बोलायचं ते मनात जुळवू लागलो. ‘चांगलं आहे अजून.’

चांगलं आहे तर मी का नाही घालत?

बेल वाजवली नाही. तो मुलगा वळणावर हमखास पडतो. माझ्या खिडकीतून दिसतो. उठला की आधी इकडेतिकडे बघतो.

वर येऊन कात्री घेतली. टाकायच्या हेल्मेटचे पट्टे कापून टाकतात, म्हणजे कुणी उचलून घालत नाही. पट्ट्यावर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा होत्या, एकीवर एक. कात्री दोनदा सटकली. विरलाय म्हणत होतो तो पट्टा चांगलाच चिवट निघाला. मग एका बाजूनं सुटला, मग दुसऱ्या.

बकल तेवढं काढून ठेवलंय.