फिशरचे ऑपरेशन आणि सर्जनांचा एक प्रश्न

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या यवतमाळकडच्या गावात दुखणे अंगावर काढण्याचीच रीत असल्यामुळे मीही चार महिने घमेल्यात कोमट पाणी घेऊन बसत राहिलो आणि गावाने परस्पर 'मूळव्याध' ठरवून टाकली. प्रत्यक्षात ते जुनाट फिशर, म्हणजे सहा-आठ आठवडे उलटूनही न भरलेली गुदद्वाराची चीर होती. आतले स्नायूंचे वलय सतत आवळलेले राहिल्याने चिरेला रक्त कमी पोहोचते. ऑपरेशनमध्ये त्याच वलयाचा थोडा भाग बाजूने कापून ताण सैल करतात.

हे वलय सैल करणाऱ्या डिल्टियाझेमच्या मलमाने गुण आला नाही, तेव्हा सर्जनांनी ऑपरेशन सुचवले. दहापैकी नऊ जणांची चीर भरते, असे सांगून त्यांनी लगेच विचारले, "भाऊ, आत्ता तुम्हाला वायू रोखता येतो ना? कपड्याला डाग लागतो का?" मी ओशाळलो, पण प्रश्न मोलाचा होता. कापलेला स्नायू पूर्ववत होत नाही. काहींना वायू आवरत नाही, काहींचे कपडे ओलसर होतात, बहुतेकांचा हा त्रास ओसरतो, काहींचा मात्र राहतो. शौचावरचा ताबाच सुटणे विरळ.

स्त्रियांचे वलय पुढच्या बाजूस आखूड असते आणि बाळंतपणात त्याला इजा झालेली असू शकते. म्हणून फिशरचाच त्रास असलेल्या, दोन बाळंतपणे झालेल्या माझ्या वहिनींना सर्जनांनी आधी बोटॉक्सचे, म्हणजे स्नायू न कापता तात्पुरता सैल करणारे इंजेक्शन सुचवले. मला ही सावधगिरी पटली.

ऑपरेशननंतरचा माझा वायूचा त्रास तिसऱ्या आठवड्यात थांबला. भाकरीबरोबरचा ठेचा अजून बंद आहे.